फुकट वाचता येणारा संशोधन लेख उद्या सापडेल का?

मिकाएल लाक्सो, लिसा मथियास आणि नाजको यान या तीन संशोधकांनी 2021 साली एक मोजदाद प्रसिद्ध केली. 2000 ते 2019 या काळात जगभरातली 174 संशोधन नियतकालिकं इंटरनेटवरून नाहीशी झाली होती. सगळी ओपन ॲक्सेस, म्हणजे कुणालाही पैसे न भरता वाचता येणारी. विषय सगळ्या प्रकारचे होते आणि जगाचा कुठलाच भाग यातून सुटला नव्हता. शेवटचा अंक निघाल्यावर पाच वर्षांच्या आत त्यांतली बहुतेक गेली, साधारण एक तृतीयांश तर वर्षभरातच. याशिवाय सुमारे 900 नियतकालिकं अशी सापडली की ज्यांचं प्रकाशन थांबलंय, पण संकेतस्थळ अजून उघडतं. धोका आता त्यांना आहे.

जे उरलंच नाही ते मोजायचं कसं, हा या अभ्यासातला सगळ्यात अवघड भाग होता. गेलेल्या नियतकालिकांची नोंद कुणी ठेवत नाही. म्हणून या तिघांनी जुन्या सूच्या काढल्या, एकेका नावाचं संकेतस्थळ चालू आहे का ते पाहिलं, आणि जुन्या संकेतस्थळांच्या प्रती जपणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये त्या पानांची शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे हे तपासलं.

आपल्याकडे ओपन ॲक्सेसची चर्चा होते ती बहुधा वाचकाच्या बाजूनं: लेख फुकट मिळतो का, विद्यार्थ्याला उतरवून घेता येतो का. लेख टिकणार कसा, हा प्रश्न मागे राहतो. मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. शुल्काची अट आज असली तरी उद्या काढून टाकता येते. हरवलेला लेख परत आणता येत नाही.

कागदाच्या काळात काय होत होतं

1665 च्या मार्चमध्ये लंडनमध्ये रॉयल सोसायटीचे सचिव हेन्री ओल्डेनबर्ग यांनी 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' सुरू केलं. तिथपासून 1990 च्या दशकापर्यंत संशोधन नियतकालिक म्हणजे छापलेला अंक. ग्रंथालय वर्गणी भरायचं, अंक टपालानं यायचा, वर्षाचे अंक एकत्र बांधून कपाटात जायचे. तो अंक ग्रंथालयाच्या मालकीचा असायचा. उद्या प्रकाशक बुडाला, संपादक मंडळ भांडून फुटलं किंवा ग्रंथालयानं वर्गणी थांबवली, तरी आधीचे खंड जिथे होते तिथेच राहायचे.

जतन करायचं असं कुणी मुद्दाम ठरवलं नव्हतं. अंक विकले गेले, शंभर ठिकाणी पोहोचले, आणि म्हणून टिकले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर 5 जानेवारी 2004 रोजी हल्ला झाला, तेव्हा तिथल्या ग्रंथांचं आणि हस्तलिखितांचं नुकसान झालं. त्यातली एकमेव हस्तलिखितं आणि छापील ग्रंथ यांच्या नुकसानीत मोठा फरक आहे. संस्थेच्या 'ॲनल्स' या नियतकालिकाचा एखादा खंड फाटला, तर तोच खंड देशोदेशींच्या ग्रंथालयांत आहे. हस्तलिखिताला तो आधार नसतो.

नियतकालिकं ऑनलाइन आली आणि हा आधार काढून घेतला गेला. आता ग्रंथालय पैसे भरतं ते प्रकाशकाच्या सर्व्हरवरचे लेख ठरावीक मुदतीपर्यंत वाचण्याच्या परवानगीसाठी. ग्रंथालयाच्या हाती फाइल येत नाही. वर्गणी थांबली की जुने अंक वाचता येतील की नाही, हे करारातलं एखादं कलम ठरवतं. आणि सगळ्या जगासाठी मूळ प्रत एकाच मालकाच्या यंत्रणेत बसलेली असते. सोय प्रचंड वाढली, यात शंकाच नाही. पण जतनाची जबाबदारी जी आपोआप वाटली जात होती, ती कुणाचीच राहिली नाही.

खुलेपणाचे प्रकार, आणि जतनाशी त्यांचा संबंध

त्याच सुमाराला नियतकालिकांच्या वर्गण्या ग्रंथालयांच्या आवाक्याबाहेर जात होत्या. संशोधनाला पैसा सरकारचा, लेख लिहिणारे आणि तपासणारे प्राध्यापक त्यासाठी मोबदला न घेणारे, आणि तयार लेख मात्र त्याच विद्यापीठांना विकत घ्यावा लागणार, ही व्यवस्था अनेकांना अन्यायाची वाटत होती. भौतिकशास्त्रज्ञांनी आधीच वाट काढली होती. पॉल गिन्सपार्ग यांनी 1991 मध्ये लॉस अलामोस इथे 'अर्काइव्ह' (arXiv) नावाचा साठा सुरू केला, आणि छापून येण्याआधीचे लेख तिथे सगळ्यांसाठी ठेवले जाऊ लागले.

14 फेब्रुवारी 2002 रोजी बुडापेस्ट जाहीरनामा आला आणि ओपन ॲक्सेस म्हणजे काय ते स्पष्ट मांडलं गेलं. त्यात लेख विनाशुल्क वाचण्याबरोबरच तो उतरवून घेण्याची, त्याच्या प्रती काढण्याची, त्या वाटण्याची मुभा आहे. लेखकाचं नाव आणि त्याच्या मजकुराची अखंडता राखली की झालं. वाचण्याची मुभा सगळ्यांच्या लक्षात राहिली. प्रती काढण्याची मुभा तितकी राहिली नाही. जतनाच्या दृष्टीनं सगळं काही त्या दुसऱ्या मुभेवर उभं आहे, कारण परवानगीशिवाय ग्रंथालय किंवा संग्रह त्या लेखाची प्रत सहसा कायदेशीरपणे जपून ठेवू शकत नाही.

या क्षेत्रातले लोक रंगांच्या भाषेत बोलतात, ती थोडक्यात अशी. लेखकानं आपल्या लेखाची प्रत विद्यापीठाच्या किंवा विषयाच्या साठ्यात स्वतः ठेवली तर ते ग्रीन. नियतकालिकानंच लेख खुला प्रसिद्ध केला तर गोल्ड. यात बऱ्याचदा लेखकाकडून शुल्क घेतलं जातं. 'नेचर'नं 2021 पासून एका लेखासाठी 9,500 युरो असा दर लावला, म्हणजे हा खर्च कुठवर जातो ते कळेल. वाचकाकडूनही नाही आणि लेखकाकडूनही शुल्क नाही, खर्च एखादी संस्था किंवा विद्वत्‌सभा सोसते, ते डायमंड. चौथा रंग ब्राँझ. यात प्रकाशक लेख वाचायला मोकळा सोडतो, पण त्यावर कुठलाही खुला परवाना नसतो. वाचकाला ब्राँझ आणि गोल्ड यांतला फरक जाणवतही नाही. जतन करणाऱ्याला तो लगेच जाणवतो. ब्राँझ लेख प्रकाशक उद्या बंद करू शकतो, आणि तोवर कुणाला त्याची प्रत काढून ठेवायचा अधिकारही नसतो. सगळ्यांना प्रती काढायची मुभा देणाऱ्या क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याची एक ओळ लेखाखाली असली की हे चित्र बदलतं.

डायमंड प्रकाराचं एक चांगलं उदाहरण मुंबईतलंच आहे. परळच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि केईएम रुग्णालयातल्या अध्यापकांची संघटना 1955 पासून 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' चालवते आहे. बुडापेस्ट जाहीरनाम्याच्या सुमारालाच या नियतकालिकानं आपले लेख इंटरनेटवर पूर्ण मोकळे केले, लेखकांकडून पैसे न घेता. मुंबईच्याच मेडनो या प्रकाशन संस्थेनं पुढे हीच पद्धत अनेक भारतीय वैद्यकीय नियतकालिकांसाठी वापरली. 2011 मध्ये मेडनो ही वोल्टर्स क्लुवर या आंतरराष्ट्रीय प्रकाशन कंपनीकडे गेली. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान अकादमीची नियतकालिकंही अकादमीच्या संकेतस्थळावर खुली आहेत. भारतात ही कल्पना बाहेरून आलेली उधारीची नव्हे. इथल्या लोकांनी ती लवकर ओळखली आणि चालवून दाखवली.

इथे 'एक राष्ट्र, एक सदस्यता' या योजनेबद्दल बोलायला हवं, कारण तिला बरेच जण ओपन ॲक्सेस समजतात. केंद्रीय मंत्रिमंडळानं 25 नोव्हेंबर 2024 रोजी तिला मंजुरी दिली. 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, जवळपास 13,000 नियतकालिकं आणि 6,300 हून अधिक सरकारी संस्था असा तिचा पसारा आहे. समन्वय गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र करतं. गडचिरोलीतल्या किंवा नंदुरबारमधल्या सरकारी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याला जे लेख कधी पाहायलाही मिळाले नसते, ते त्याला मिळतील, ही मोठी गोष्ट आहे. पण ही वर्गणीच आहे, देशभराची एकत्र. संस्थेबाहेरच्या डॉक्टरला, शिक्षकाला, पत्रकाराला तिचा उपयोग नाही. आणि मुदत संपल्यावर काय हातात राहणार, हे पुन्हा करारातल्या कलमांवर येतं.

जतन प्रत्यक्षात कसं होतं

1999 च्या सुमाराला स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयात डेव्हिड रोझेन्थाल आणि व्हिकी राइक यांनी कागदाच्या काळातली ती हरवलेली गोष्ट संगणकावर परत आणायचं ठरवलं. त्यांच्या व्यवस्थेचं नाव लॉक्स. वेगवेगळ्या ग्रंथालयांनी आपापल्या इमारतीत एकेक साधा संगणक ठेवायचा. प्रकाशकाच्या परवानगीनं तो संगणक नियतकालिकाचे लेख उतरवून घेतो आणि सांभाळतो. प्रत पुन्हा ग्रंथालयाच्या ताब्यात, तीही अनेक ठिकाणी.

नुसत्या प्रती असून भागत नाही, त्या शाबूत आहेत का हे पाहावं लागतं. डिस्क जुनी होते, फाइलमधला एखादा कण बिघडतो, कधी कुणी मुद्दाम बदल करतं. यावर उपाय म्हणून फाइलमधल्या सगळ्या मजकुरावर ठरावीक गणित करून एक लांबलचक संख्या काढतात. फाइलमधला एक स्वल्पविराम जरी हलला तरी ती संख्या पूर्ण बदलते. लॉक्सचे संगणक अधूनमधून एकमेकांना या संख्या विचारतात. बहुतेकांचं उत्तर सारखं आणि एकाचं वेगळं आलं, तर त्या एकाची प्रत बिघडली आहे असं धरून ती इतरांकडच्या चांगल्या प्रतीवरून दुरुस्त होते.

मराठी वाचकाला हे काम नवं वाटू नये. ज्ञानेश्वरी 1290 ची. पुढच्या तीनशे वर्षांत हातानं उतरवलेल्या प्रतींमध्ये पाठभेद शिरले, आणि शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 च्या सुमाराला, एकनाथ महाराजांनी प्रती ताडून पाहत शुद्ध प्रत सिद्ध केली. प्रती अनेक होत्या म्हणूनच ताडून पाहणं शक्य झालं. फरक इतकाच की नाथांना चूक शोधायला तीन शतकांचं अंतर ओलांडावं लागलं आणि पाठ निवडायला त्यांचा अधिकार लागला. हे संगणक ती तपासणी सतत करतात, आणि त्यांना अर्थ कळत नसल्यामुळे केवळ बहुमतावर चालतात.

लॉक्सच्याच तंत्रावर पुढे क्लॉक्स उभं राहिलं. प्रकाशक आणि ग्रंथालयं मिळून ते चालवतात. स्टॅनफर्ड, एडिनबरा, टोकियो, हाँगकाँग, ऑस्ट्रेलिया अशा जगातल्या बारा ठिकाणी त्याच्या प्रती आहेत. बारा ठिकाणं भूकंप, युद्ध, सरकारं या सगळ्यांचा विचार करून एकमेकांपासून लांब ठेवलेली आहेत. या साठ्यातले लेख एरवी कुणालाच वाचता येत नाहीत. प्रकाशकानं नियतकालिक बंद केलं आणि लेख कुठेच मिळेनासे झाले, तरच साठ्याचं दार उघडतं. आणि उघडतं ते कायमचं, सगळ्यांसाठी, खुल्या परवान्यानिशी. 'ग्राफ्ट' नावाचं अवयव प्रत्यारोपणावरचं एक नियतकालिक थोडा काळ चालून बंद पडलं होतं. 2008 मध्ये क्लॉक्सनं पहिल्यांदा दार उघडलं ते त्याच्यासाठी. वर्गणी भरून वाचायचं नियतकालिक मेल्यानंतर खुलं झालं, हे मला आजही विलक्षण वाटतं.

पोर्टिको ही 2005 पासूनची दुसरी मोठी व्यवस्था, जेस्टोर हा जुन्या नियतकालिकांचा ऑनलाइन साठा चालवणाऱ्या संस्थेचीच. तिची पद्धत वेगळी आहे: प्रकाशकाकडून मूळ फाइली घ्यायच्या आणि काळाप्रमाणे त्या नव्या स्वरूपात बदलत राहायच्या. काही देशांची राष्ट्रीय ग्रंथालयंही हे काम करतात. नेदरलँड्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं 2002 मध्येच एल्सेव्हियर या मोठ्या प्रकाशकाशी तसा करार केला होता. मात्र कुठल्याही एका संस्थेवर, ती कितीही थोर असो, सगळा भार टाकता येत नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिथल्या डिजिटल सेवा महिनोन्‌महिने बंद राहिल्या. म्हणूनच एकाहून अधिक, वेगवेगळ्या मालकीच्या संग्रहांत प्रती असाव्यात असा आग्रह धरला जातो.

फाइल शाबूत, मजकूर गायब

आता मराठी नियतकालिकांना थेट लागू होणारी गोष्ट. फाइलमधला प्रत्येक कण जसाच्या तसा टिकला, तरी मजकूर टिकला असं होत नाही.

मराठी संशोधन पत्रिका, महाविद्यालयांचे विशेषांक, परिषदांमधल्या निबंधांचे संग्रह गेली कित्येक वर्षं श्रीलिपी, शिवाजी, कृतीदेव अशा फॉन्टमध्ये टंकले गेले. या फॉन्टचं काम असं चालतं की फाइलमध्ये साठवलेली असतात रोमन अक्षरांची आणि चिन्हांची सांकेतिक मूल्यं, आणि फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरीची चित्रं दाखवतो. फॉन्ट असेपर्यंत सगळं नीट दिसतं. वर्ड फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली आणि तिथे तो फॉन्ट नसला, की पडद्यावर अर्थहीन रोमन अक्षरांच्या ओळी येतात.

पीडीएफ केली की हा त्रास मिटला असं वाटतं, कारण फॉन्ट पीडीएफच्या आतच ठेवता येतो आणि पान सुबक दिसतं. पण त्या पानावरचं एखादं वाक्य निवडून दुसरीकडे चिकटवून पाहा. तीच अर्थहीन अक्षरं येतील. म्हणजे शोधयंत्राला त्या लेखात 'बखर' किंवा 'भूजल' हा शब्द सापडणार नाही. दृष्टिहीन वाचकाचं वाचक सॉफ्टवेअर तो लेख वाचू शकणार नाही. तीस वर्षांनी या विषयावर काम करणाऱ्या विद्यार्थिनीला तो लेख असल्याचा पत्ताही लागणार नाही. लेख आहे, पण नसल्यासारखा.

देवनागरीला युनिकोडमध्ये 1991 पासून जागा आहे. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराचं मूल्य जगभर एकच असतं. फॉन्ट कुठलाही असो, 'क' तो 'क'च. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणारी साधनं आहेत, मात्र रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं यांत ती हमखास चुका करतात, त्यामुळे नंतर डोळ्यांनी मुद्रितशोधन करावंच लागतं. काम कंटाळवाणं आहे, वेळखाऊ आहे, आणि जुन्या पद्धतीनं ओळ न ओळ तपासणारी माणसं अजून आपल्यात आहेत तोवर ते व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं. नव्या अंकांसाठी तर सबबच नाही. छपाईसाठी मुद्रणालयाला जो फॉन्ट लागेल तो लागो, लेखाची युनिकोड प्रत संपादकाकडे असलीच पाहिजे.

पीडीएफचंही एक खास जतनासाठीचं स्वरूप आहे, पीडीएफ-ए. 2005 मध्ये ते आंतरराष्ट्रीय मानक झालं. त्यात सगळे फॉन्ट फाइलच्या आत असावे लागतात, पासवर्ड चालत नाही, बाहेरच्या कशावर अवलंबून राहता येत नाही. लिब्रेऑफिससारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्येही तशी फाइल करता येते. अर्थात आतला मजकूर जुन्या फॉन्टचा असेल, तर पीडीएफ-एसुद्धा त्याचं नुसतं रूप जपेल.

डीओआय असला म्हणजे झालं?

हा गैरसमज इतका पसरलाय की त्यावर वेगळं लिहायला हवं. डीओआय हा लेखाला दिलेला कायमचा क्रमांक. 2000 साली स्थापन झालेली क्रॉसरेफ ही संस्था प्रकाशकांमार्फत हे क्रमांक नोंदवते. लेखाचं संकेतस्थळ बदललं, प्रकाशक बदलला, तरी क्रमांक तोच राहतो. प्रकाशकानं फक्त नवा पत्ता कळवायचा. पण क्रमांक लेख साठवत नाही, लेख कुठे आहे ते सांगतो. पत्ता कळवणारं कुणी उरलं नाही, किंवा त्या पत्त्यावर लेखच उरला नाही, तर डीओआय रिकाम्या पानावर नेऊन सोडतो.

मार्टिन ईव्ह यांनी 2024 च्या जानेवारीत प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात डीओआय असलेली 74 लाखांहून अधिक प्रकाशनं तपासली आणि ती मोठ्या जतन संग्रहांपैकी कुठे आहेत का ते पाहिलं. 58 टक्के किमान एका संग्रहात होती. 28 टक्के, म्हणजे वीस लाखांहून जास्त, एकाही संग्रहात नव्हती. उरलेली अगदी अलीकडची असणं वगैरे कारणांनी मोजणीतून वगळली होती. या वीस लाखांतले लेख आज हरवलेले आहेत असा याचा अर्थ नाही. बरेचसे प्रकाशकाच्या संकेतस्थळावर असतील. त्यांना दुसरा आधार नाही, एवढं मात्र खरं.

आणि हा आधार नसतो तो बहुधा लहानांना. मोठे प्रकाशक क्लॉक्स आणि पोर्टिको दोन्हींचे सदस्य असतात. एखाद्या विभागातल्या दोन-तीन प्राध्यापकांनी वेळात वेळ काढून चालवलेलं डायमंड नियतकालिक या सदस्यत्वाचा खर्च कुठून करणार? त्यांचं संकेतस्थळ महाविद्यालयाच्या सर्व्हरवर किंवा एका व्यक्तीच्या नावावर घेतलेल्या डोमेनवर असतं. ती व्यक्ती निवृत्त होते, डोमेनचं नूतनीकरण राहून जातं, किंवा महाविद्यालय नवं संकेतस्थळ बनवून घेतं आणि जुन्या फाइली नव्या ठिकाणी कुणी हलवत नाही. कुणाचा वाईट हेतू नसतो. वाचकाला आणि लेखकाला सगळ्यात न्याय देणारी पद्धत जतनात सगळ्यात दुबळी ठरावी, याचं मला फार वाईट वाटतं.

त्यांच्यासाठी दोन वाटा आहेत. ओपन जर्नल सिस्टिम्स हे फुकट सॉफ्टवेअर वापरणाऱ्या नियतकालिकांना त्याच सॉफ्टवेअरच्या निर्मात्यांचं, पब्लिक नॉलेज प्रोजेक्टचं, जतन जाळं उपलब्ध आहे. ते लॉक्सच्या तंत्रावर चालतं. आणि डिरेक्टरी ऑफ ओपन ॲक्सेस जर्नल्स, क्लॉक्स, इंटरनेट अर्काइव्ह अशा संस्थांनी मिळून 2020 मध्ये जॅस्पर हा प्रकल्प जाहीर केला, तो नेमका लेखकाकडून शुल्क न घेणाऱ्या नियतकालिकांसाठी आहे.

आपला कायदा इथे अपुरा पडतो. 1954 च्या ग्रंथ प्रदान कायद्यानं छापील पुस्तकाच्या प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयासह आणखी तीन ग्रंथालयांना द्याव्या लागतात. केवळ इंटरनेटवर निघणाऱ्या नियतकालिकाचा विचार त्यात नाही. ब्रिटननं 2013 पासून डिजिटल प्रकाशनांनाही हा नियम लावला आहे. आपल्याकडे पीएचडीच्या प्रबंधांसाठी शोधगंगा आहे आणि तिथे प्रबंध जमा करणं नियमानं बंधनकारक आहे. नियतकालिकांच्या अंकांना तशी सक्ती नाही.

तपासायचं आणि करायचं ते

एखादं नियतकालिक कुठे जतन होतं का, हे कुणालाही पाहता येतं. आयएसएसएन म्हणजे नियतकालिकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक. त्याच्या आंतरराष्ट्रीय केंद्राच्या पोर्टलवर कीपर्स रजिस्ट्री आहे. नियतकालिकाचा आयएसएसएन क्रमांक टाकला की कोणत्या संग्रहात त्याचे कोणते खंड आहेत ते दिसतं. लेख पाठवण्याआधी नियतकालिकाची मान्यता आणि दर्जा आपण पाहतो, तशी ही नोंदही पाहावी. लेख खुला आहे म्हणून तो कमी दर्जाचा, असं मात्र धरू नये; पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या फसव्या नियतकालिकांमुळे ओपन ॲक्सेसचं नाव नाहक खराब झालं आहे, आणि त्या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात.

लेखकानं आपल्या लेखाची स्वीकृत प्रत, परवाना तशी मुभा देत असेल तर प्रकाशित प्रत, विद्यापीठाच्या साठ्यात ठेवावी. विद्यापीठात साठा नसेल तर झेनोडो आहे. युरोपातली सर्न ही संशोधन संस्था 2013 पासून तो चालवते, आणि तिथे कुठल्याही देशातला, कुठल्याही भाषेतला संशोधक विनाशुल्क आपलं काम ठेवू शकतो. मराठी लेख ठेवताना शीर्षक, सारांश आणि सूचक शब्द युनिकोड मराठीत आणि जोडीला इंग्रजीतही द्यावेत, म्हणजे तो दोन्हीकडून सापडेल.

संपादकांच्या हाती आणखी बरंच आहे. लेख स्वीकारतानाच लेखकाकडून खुल्या परवान्याची लेखी संमती घ्यावी. जुने अंक इंटरनेटवर आणू पाहणाऱ्या संस्था याच ठिकाणी अडतात. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं त्याच्या लेखनावर स्वामित्वहक्क असतो, आणि चाळीस वर्षांपूर्वीच्या अंकातल्या प्रत्येक लेखकाचे वारस शोधणं जवळपास अशक्य असतं. डोमेन एका प्राध्यापकाच्या नावावर न ठेवता संस्थेच्या नावावर घ्यावं. प्रत्येक अंक निघाला की त्याच्या फाइली महाविद्यालयाच्या ग्रंथपालाकडे सोपवाव्यात आणि तशी नोंद करून घ्यावी.

नियतकालिक बंद करायची वेळ आली, तर शेवटच्या अंकानंतर थोडं काम उरतं. सगळे अंक एखाद्या जतन संग्रहात किंवा विद्यापीठाच्या साठ्यात पोहोचलेत याची खात्री करायची. डीओआय घेतले असतील तर क्रॉसरेफला नवा पत्ता कळवायचा. संकेतस्थळावर नियतकालिक थांबल्याचं आणि अंक आता कुठे मिळतील याचं निवेदन लावायचं, आणि डोमेनचे पुढच्या काही वर्षांचे पैसे आधीच भरून ठेवायचे. पाच वर्षांच्या आत नाहीशी झालेली ती नियतकालिकं आठवली, तर निदान पाच वर्षांचे तरी.